‘एम’ मोठाच हवा

‘इंग्रजी वाक्य २-मिथाइलप्रोपेनने सुरू झालं, तर २ हेच पहिलं अक्षर, म्हणून पुढचा एम लहान ठेवायचा’ असं एकाने लिहिलंय. हे चूक आहे. रसायनांच्या नावात आकडे, ग्रीक अक्षरं आणि तिरप्या टायपातले उपसर्ग कॅपिटलच्या हिशेबात धरतच नाहीत. ते जसेच्या तसे राहतात आणि मान मिळतो मूळ नावाच्या पहिल्या अक्षराला. म्हणजे टर्ट-ब्यूटिलमध्ये टर्टचा टी लहान आणि ब्यूटिलचा बी मोठा. डीएमएफ या द्रावकाचं पूर्ण नाव एन,एन-डायमिथाइलफॉर्मामाइड. त्यातले दोन्ही एन मुळातच मोठे असतात, तरी डायचा डी मोठा करावाच लागतो.

खरी मेख ‘आयसो’ची. टर्ट आणि सेक हे उपसर्ग तिरपे, पुढे आडवी रेघ. आयसो, निओ, सायक्लो मात्र सरळ टायपात आणि नावाला चिकटून येतात, म्हणून आयसोब्यूटेनचा पहिला आयच मोठा. सख्ख्या भावंडांना वेगळा न्याय, पण नियम आहे खरा.

एरवी वाक्याच्या मधे मूळ नावाचं पहिलं अक्षर लहानच. आइन्स्टाइनियमसुद्धा! आइन्स्टाइन हे विशेषनाम, मूलद्रव्याचं नाव नाही.

पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, लिहिताना पी लहान आणि एच मोठा असतो. त्याने वाक्य सुरू करायची वेळ आली, तर मी सरळ वाक्यच फिरवतो. पी मोठा केला की डोळ्याला खुपतं, लहान ठेवला की संपादकाला.