रूट कॅनल अर्धवट, दातात औषध भरलंय तरी ठणकते. मदत हवी आहे

घाटंजीकर:
यवतमाळले रूट कॅनल सुरू आहे. आत जंतू आहेत म्हणून डॉक्टरनं पांढरं औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट. तरी चावलं की ठणकते. औषध काम करून नाही राहिलं का? मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का? यवतमाळले जा-यात आख्खा दिवस जाते अन् वेचणीले बाया भेटून नाही राहिल्या. लवकर सांगा.

पांढरं_सोनं:
कोणता दात? औषध भरून किती दिवस झाले?

ठेचा_भाकर:
लवंगाचं तेल लाव. आमच्या आजीनं जन्मात डॉक्टर नाही पाहिला.

पांढरं_सोनं:
अन् आजीच्या तोंडात दात किती होते?

घाटंजीकर:
उजवीकडची खालची दाढ. तेल लावून झालं.

बीडीएस_थर्ड_इयर:
पांढरं औषध म्हणजे बहुतेक कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा पीएच १२.५ च्या आसपास असतो, म्हणजे ते खूप क्षारीय असतं, त्यात बरेचसे जंतू तग धरत नाहीत. पण ते सावकाश मारतं, म्हणून आठवडा-दोन आठवडे आत ठेवतात. खरी सफाई त्याआधीची, हायपोक्लोराइट नावाच्या जंतुनाशकानं दाताच्या मुळातल्या नळ्या धुतात ती. अँटिबायोटिक मनानं घेऊ नका. दाताची नस मेली की आत रक्त जात नाही, मग गोळीही पोचत नाही.

ठेचा_भाकर:
कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच ना? मंग चुना-तंबाखूचा खर्रा खाल्ला की काम झालं.

बीडीएस_थर्ड_इयर:
तो चुना गाल सोलतो, मुळात शिरत नाही.

वणीवाला:
माझं एकाच बैठकीत झालं. औषध नाही, सिमेंट नाही. हे चकरा मारायले लावून पैसे काढायचे धंदे आहेत.

बीडीएस_थर्ड_इयर:
तुमच्या दाताच्या मुळाशी पू होता का? एक बैठक की दोन, यावर डॉक्टरांचंच जमत नाही. एन्टरोकॉकस फीकॅलिस नावाचा जंतू तर या औषधालाही सहसा दाद देत नाही, म्हणून काही जण २ टक्के क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक वापरतात.

वणीवाला:
म्हणजे औषध फुकट गेलं. मी तेच म्हणून राहिलो.

पांढरं_सोनं:
भाऊ, दिवस किती झाले ते सांगितलंच नाही.

घाटंजीकर:
सव्वा महिना. मधात भाकरीसोबत सिमेंटचा तुकडा निघाला होता. थोडासाच.

बीडीएस_थर्ड_इयर:
हे आधी सांगायचं ना! ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. फटीतून लाळ गेली, औषध धुऊन निघालं, जंतू परत आत. आता नळ्या पुन्हा धुवाव्या लागतील. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर थांबू नका.

पांढरं_सोनं:
पैशाची अडचण असंल तर नागपूरले शासकीय दंत महाविद्यालय आहे.

ठेचा_भाकर:
घाटंजीले कापसाचा काय भाव सुरू आहे?

घाटंजीकर:
भावाचं मंग सांगतो. जबडा कालपासून दोन बोटंच उघडते, ते सांगायचं राहिलं. उद्या पहिल्या एसटीनं निघतो.

बीडीएस_थर्ड_इयर:
एसटी कशाला पाहता? गावात कोणाची गाडी असेल ती काढा अन् आत्ताच निघा.