वडिलांच्या रिटायरमेंटला जुनी स्कॉच द्यायचीये, हे 'इंडिपेंडंट बॉटलर' म्हणजे ओरिजिनल माल असतो का?

यावलकर_97

राम राम मंडळी. आमचे आप्पा येत्या 31 जानेवारीला रेल्वेतून रिटायर होऊन ऱ्हायले, सगळी नोकरी भुसावळलाच गेली. ते फार पिणारे नाहीत, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की दोन पेग, बास. पण स्कॉचचं त्यांना लय अप्रूप. 2009 मध्ये त्यांच्या एका साहेबांनी दिलेली 12 वर्षांची बाटली अजून सीलबंद कपाटात आहे आणि घरी कोणी आलं की आप्पा ती दाखवतात आणि सांगतात की ही आता 28 वर्षांची झाली.

माझा मामेभाऊ ग्लासगोला शिकतोय, डिसेंबरच्या शेवटी घरी येतोय, त्याच्याकडून एक चांगली जुनी मागवायची आहे. बजेट 25 हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही. जमलं तर 1997 ची पाहिजे, कारण आप्पा परमनंट त्या वर्षी झाले आणि माझा जन्मही त्याच वर्षीचा. भावाने दुकानांचे फोटो पाठवले तर त्यात डिस्टिलरीचं नाव बारीक अक्षरात आणि वर दुसऱ्याच कंपनीचं नाव मोठं. एकावर तर डिस्टिलरीचं नावच नाही, नुसतं स्पेसाइड लिहिलंय. हा डुप्लिकेटचा प्रकार आहे का? आणि कुरियरने पाठवता येते का, म्हणजे त्याच्या बॅगेचं वजन वाचेल. ज्यांनी खरंच घेतलीये त्यांनी सांगा, अंदाजे नको.

आग्रारोड_धुळे

भाऊ, डुप्लिकेट नाही, उलट तुझ्या कामाचा माल तोच आहे. जरा लांब लिहितो, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी आधी पैसे घालवले.

स्कॉटलंडच्या बहुतेक डिस्टिलऱ्या त्यांचा बराचसा माल स्वतःच्या नावाने विकतच नाहीत, तो ब्लेंड करणाऱ्यांना जातो. त्यातली काही पिंपं मधले व्यापारी घेतात, स्वतःच्या गोदामात वर्षानुवर्षं ठेवतात आणि चव बघून एकेक पिंप बाटलीत भरतात, हे इंडिपेंडंट बॉटलर. आपल्याकडे व्यापारी केळीच्या बागेत जाऊन घड बघून माल उचलतो आणि पेटीवर त्याचं नाव लागतं ना, तसंच. आणि ही कालची पोरं नाहीत. कॅडनहेड 1842 पासून आहे. एल्गिनचं गॉर्डन अँड मॅकफेल 1895 ला किराणा दुकान म्हणून सुरू झालं, त्यांनी 1940 ला भरलेली ग्लेनलिव्हेट 80 वर्षं पिंपात सांभाळून मग बाटलीत भरली, आता विचार कर किती पिढ्यांनी त्या पिंपाला हात लावला नसेल. सिग्नेटरी 1988 चं, त्यांनी 2002 ला एड्राडॉर ही डिस्टिलरीच विकत घेतली. लंडनचं बेरी ब्रदर्स तर 1698 चं. ह्यांच्या बाटलीवर डोळे झाकून विश्वास ठेवायला हरकत नाही.

नाव नसलेली बाटली पण खरीच असते. पिंप विकताना काही डिस्टिलऱ्या अट घालतात की आमचं नाव छापायचं नाही, मग नुसतं स्पेसाइड किंवा ऑर्कनी असं त्या भागाचं नाव लिहितात. आत मोठ्या घरातला माल असू शकतो आणि नाव नसल्यामुळे भाव कमी. 25 हजारात 1997 ची पाहिजे असेल तर मी तिकडेच बघीन. दुसरा रस्ता सिंगल ग्रेन, म्हणजे मुख्यतः गहू-मक्यापासून एकाच डिस्टिलरीत केलेली, इन्व्हरगॉर्डन, कॅमेरनब्रिज, नॉर्थ ब्रिटिश वगैरे, त्या माल्टपेक्षा म्हणजे नुसत्या मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीपेक्षा बऱ्याच स्वस्तात जुन्या मिळतात, चव गोडसर, व्हॅनिलासारखी, कमी पिणाऱ्या माणसाला पहिल्या घोटातच आवडते.

आता लेबल कसं वाचायचं ते नीट बघ. वयाचा आकडा म्हणजे आत जे सगळ्यात कोवळं आहे त्याचं वय, आणि ते फक्त ओकच्या पिंपातलं वय धरतात. काचेत गेली की वय थांबलं. आप्पांची 12 ची आजही 12 चीच आहे, त्यांना वाईट वाटेल पण सांग. म्हणून 'डिस्टिल्ड 1997' आणि 'बॉटल्ड अमुक साली' ह्या दोन्ही तारखा बघ, त्या दोघींमधलं अंतर हेच खरं वय. चांगला बॉटलर पिंपाचा नंबर, पिंपाचा प्रकार, किती बाटल्या निघाल्या, अल्कोहोल किती टक्के, सगळं छापतो. रंग घातलेला नाही आणि चिल फिल्टर (थंड करून गाळलेली) केलेली नाही असं लिहिलेलं असेल तर उत्तम, कायद्याने कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे त्यामुळे गडद रंग बघून भुलू नको.

आणि एक, जुनी म्हणजे चांगलीच असं नाही हो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जातं, म्हणजे 25 वर्षांत 250 लिटरच्या पिंपातलं 100 लिटर हवेत गेलं, म्हणून भाव चढतो. पण तेवढ्या वर्षांत लाकूड जास्त उतरलं तर चहा जास्त उकळल्यासारखी तुरट होते, आणि पिंप आधीच चार वेळा वापरून थकलेलं असेल तर 25 वर्षांनीही त्यात काही उतरत नाही. मी पहिली घेतली ती आकड्यावर भाळून घेतली होती आणि घरी आणून प्यायलो तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, दहा वर्षं पैसे साठवून घेतलेली वस्तू, लय वाईट वाटलं. त्यामुळे भावाला सांग, दुकानात जाऊन चाखून घे.

सराफबाजार_जळगाव

मी वेगळं सांगतो. एवढे पैसे टाकायचे तर नावाजलेल्या कंपनीची घ्या. आप्पांचे मित्र येतील, बाटली हातात घेऊन बघतील, त्यांना नाव ओळखू आलं पाहिजे. नुसतं स्पेसाइड लिहिलेली बाटली टेबलावर ठेवली तर आप्पांनाच समजावत बसावं लागेल. भेटवस्तूत समोरच्याला किंमत कळणं हा पण भाग असतो. 18 वर्षांची घ्या, नामांकित घ्या, बजेटमध्ये आरामात बसेल.

आग्रारोड_धुळे

@सराफबाजार_जळगाव तुमचं म्हणणं चूक नाही, भेट देताना लोक बघतात. पण तुम्ही सराफ्यात बसता म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो, मोठ्या ब्रँडच्या 25 वर्षांच्या बाटलीत सोन्यापेक्षा घडणावळ जास्त. मॅकॅलनची 25 वर्षांची बाटली एक हजार पौंडाच्या वर जाते, त्यात लाकडी पेटीचे, नावाचे, जाहिरातीचे पैसे धरलेले असतात. इंडिपेंडंटमध्ये तुम्ही वजनाचे पैसे देता. कंपनीचीच घ्यायची तर ग्लेनफार्क्लास बघा, 1865 पासून ग्रँट घराण्याच्या हातात आहे, त्यांचे जुन्या मालाचे भाव त्यातल्या त्यात वाजवी. पण ह्या भावाला 1997 पाहिजे, आणि साल पाहिजे असेल तर इंडिपेंडंटशिवाय ह्या बजेटमध्ये अवघडच.

बोटीवरचा_पाचोरेकर

कुरियरचं डोक्यातून काढून टाका. इम्पोर्टेड व्हिस्कीवर आपल्याकडे 150 टक्के कस्टम ड्युटी चालत आलीये, 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी करार सही झाला त्यात ती आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं, पण एका माणसाने एक बाटली कुरियरने मागवली तर कागदपत्रातच जीव जाईल आणि बहुतेक दुकानं भारतात पाठवायला तयारच होत नाहीत. भावाच्या बॅगेतच येऊ द्या.

बॅगेचा हिशोब नीट करा. ड्युटी फ्री 2 लिटर माणशी. तिकडची बाटली 700 मिलीची असते, आपल्यासारखी 750 ची नाही. दोन घेतल्या तर 1.4 लिटर, तीन घेतल्या की 2.1 लिटर, म्हणजे 100 मिलीसाठी लफडं. माझ्या मित्राची मुंबईला ह्याच 100 मिलीवरून पाऊण तास हुज्जत झाली. तीन न्यायच्याच असतील तर तिसरी 500 मिलीची घ्या. 70 टक्के अल्कोहोलच्या वरची विमानात चालत नाही, पण एवढी जुनी कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून पाणी न घालता भरलेली, तिथपर्यंत जात नाही, ती चिंता नको. चेक-इन बॅगेत जीन्समध्ये गुंडाळून मधोमध ठेवा, बिल मोबाईलमध्ये नको, कागदावर पाहिजे. विमान बदलायचं असेल तर हातातल्या बॅगेत ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

आणि महत्त्वाचं, नंदुरबार शहाद्याकडची आपली बरीच माणसं हल्ली सुरतला उतरून घरी येतात, जवळ पडतं म्हणून. बाटली असेल तर ते करायचं नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, घराजवळ येऊन अडकून बसाल. मुंबईला उतरा आणि रेल्वेने जळगाव गाठा. आप्पांचा पिण्याचा परवाना नसेल तर तो पण काढून घ्या, महाराष्ट्रात आजीवन परवाना मिळतो, साठीच्या माणसाने बिनघोर प्यावं.

चोपड्याची_मीनल

दादा, मी चार वर्षं एडिनबरोला होते. तुमच्या भावाला सांगा की एक शनिवार काढून एडिनबरोला जा, ग्लासगोहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचतो. रॉयल माइलवर कॅनोनगेट भागात कॅडनहेडचं दुकान आहे, त्याच रस्त्यावर वरच्या अंगाला रॉयल माइल व्हिस्कीज म्हणून दुसरं. अशा दुकानात माणसं मनापासून बोलतात, बजेट आधीच स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही, आणि वडिलांसाठी आहे, ते कशी पितात हेही सांगायचं. मी माझ्या काकांसाठी घेतली तेव्हा दुकानातल्या बाईंनी मला महागडीवरून स्वस्तावर आणलं होतं, म्हणाल्या तुझ्या काकांना ही जास्त आवडेल. काका अजून आठवण काढतात.

पर्यटकांना टॅक्स परत मिळतो असं कोणी सांगेल तर ते जुनं झालं, 2021 च्या सुरुवातीपासून तिथे ते बंद आहे, लेबलवरची किंमत हीच किंमत धरा.

भरीताचं तुम्ही लिहिलंत म्हणून एक सुचवते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना जो धूर अंगाला बसतो, तशी धुराची चव आयला बेटावरच्या व्हिस्कीत असते, तिथे बार्ली वाळवताना पीट म्हणजे दलदलीतली वाळलेली माती जाळतात. आप्पांना तो वास आवडत असेल तर तिथल्याच कॅल इला डिस्टिलरीची एक साधी, कमी वयाची इंडिपेंडंट बाटली सोबत घ्या. जुनी समारंभाला, ही शेतात.

भुसावळ_जंक्शन

दोन गोष्टी, दोन्ही अनुभवाच्या.

इथे कोणी 'कोट्यातली आहे', 'विमानतळावरून आलीये' म्हणून जुनी स्कॉच निम्म्या भावात देत असेल तर घेऊ नका. मी एकदा फसलोय, सील बरोबर, खोका बरोबर, आत भलतंच. रिकाम्या बाटल्या विकत घेऊन परत भरतात. म्हणून महागडी संपली की मी लेबल फाडून बाटली फोडून टाकतो. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका, 2018 ला स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत कार्बन डेटिंगने 55 दुर्मिळ बाटल्या तपासल्या तर 21 खोट्या किंवा लिहिलेल्या सालाच्या नव्हत्या. त्यामुळे ऑनलाइन लिलावातून फार जुन्या वेष्टनातली घेण्याच्या नादी लागू नको, वर कमिशन द्यावं लागतं ते वेगळंच.

दुसरी, आपला उन्हाळा. मे मध्ये भुसावळला पारा 45 च्या वर जातो आणि आपण बाटल्या ठेवतो कुठे तर पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात, ते संध्याकाळी तव्यासारखं तापलेलं असतं. बूच सुकतं, आतलं उडतं. माझ्याकडची एक न उघडलेली बाटली सहा उन्हाळ्यांत दोन बोटं खाली गेली आणि उघडायला गेलो तर बूच मानेतच तुटलं. आतल्या खोलीत, जमिनीलगत, अंधारात, खोक्यासकट उभी ठेवा. आडवी कधीच नाही, एवढं अल्कोहोल बुचाला खातं. उघडल्यावर तळाला थोडी राहिली की लहान बाटलीत काढा नाहीतर संपवा.

यावलकर_97

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भाऊ शनिवारी एडिनबरोला जाऊन आला, दोन तास दुकानात होता. 1997 ला डिस्टिल केलेली मिळाली, डिस्टिलरीचं नाव नाही, स्पेसाइड, हॉग्जहेड पिंप, पिंपाचा नंबर छापलेला, बजेटच्या थोडी खालीच. चाखून घेतलीये, म्हणाला जर्दाळूसारखी लागते. उरलेल्या पैशात कॅल इला पण घेतली, दोन्ही मिळून 1.4 लिटर. सराफबाजार काका, नावाचं म्हणाल तर मी एका कागदावर मराठीत लिहून बाटलीसोबत देणारे, 1997 ला काय काय झालं ते, म्हणजे मित्रांना आप्पाच वाचून दाखवतील.

2009 च्या बाटलीचं काल जेवताना सांगितलं. आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, वय वाढत नसेल तर ठेवून काय करायचं, ह्या रविवारी बामणोदची वांगी आणतो, उघडू.

भुसावळ_जंक्शन

सोळा उन्हाळे पाहिलेलं बूच आहे, पिळून काढू नको. आधी सील काढून बाटली एकदा हलकेच तिरकी कर, बूच आतून ओलं होऊ दे, मग हळूहळू सरळ वर ओढ. तुटलंच तर घाबरू नको, बारीक गाळणीतून किंवा धुतलेल्या मलमलमधून गाळून दुसऱ्या स्वच्छ बाटलीत काढ, चवीला काही होत नाही.