मदत हवी आहे: २४ व्होल्ट १० अँपिअर फ्लायबॅक पॉवर सप्लाय, मॉस्फेट उडतोय

अंबडकर_७:
आज तिसरा मॉस्फेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) गेला. ३८४२ कंट्रोलर आयसीवर फ्लायबॅक केलाय. १० वॅटचा बल्ब मस्त पेटतो, खरा लोड लावला की फट्. कोणता मॉस्फेट टाकू? शनिवारी निफाडला माल द्यायचाय.

वायंडिंगवाला:
खरा लोड म्हणजे? ट्रान्सफॉर्मरचा कोर कोणता? फ्रिक्वेन्सी?

अंबडकर_७:
द्राक्षाच्या पॅकहाउसमधल्या पट्ट्याची मोटर, प्लेटवर ७ अँपिअर. ६५ किलोहर्ट्झ. मी मॉस्फेट विचारलाय.

सिरीज_बल्ब:
भाऊ, २४० वॅट हे फ्लायबॅकचं कामच नाही. सगळी एनर्जी आधी कोरमध्ये साठवायची, मग पलीकडे सोडायची. गावात लाइट १७० व्होल्टला आली की डीसी २४० च्या आसपास. ८५ टक्के एफिशियन्सी, ४५ टक्के ड्यूटी (मॉस्फेट चालू असण्याचा वेळ) धर, सेकंडरीलाही तेवढाच वेळ. प्रायमरी पीक करंट ५ अँपिअरच्या वर, सेकंडरी पीक ४४ अँपिअर! कॅपॅसिटरला जवळपास १४ अँपिअर रिपल, तो फुगणारच. लीकेज, म्हणजे सेकंडरीला न पोचणारा भाग, ३ टक्के धरलं तरी ते जिरवणारा स्नबर १५ वॅटच्या वर जाळतो. १०० वॅटच्या पुढे मी सरळ टू-स्विच फॉरवर्ड (दोन मॉस्फेटचं दुसरं सर्किट) करतो.

वायंडिंगवाला:
हे डीसीएमचं गणित, म्हणजे दर सायकलला कोर पूर्ण रिकामा. सीसीएममध्ये कोर पूर्ण रिकामा होत नाही, पीक बरेच खाली येतात. मी १५० वॅटचे केलेत. लीकेज कमी व्हावं म्हणून अर्धी प्रायमरी खाली, अर्धी वर, मध्ये सेकंडरी. अजून चालू आहेत.

सिरीज_बल्ब:
१५० म्हणजे २४० नव्हे. आणि मोटर उठताना करंट ७ वर थांबतो का?

दिंडोरीचा_मळा:
लाइटचा एवढा त्रास असेल तर सोलर बसवा. आम्ही बसवलंय, निवांत आहोत.

वायंडिंगवाला:
सोलरचं कोणी विचारलंय? अंबडकर, कोर सांगा हो. कोरमधला गॅप (फट) किती?

अंबडकर_७:
कोर जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला. गॅप कसला? दोन्ही अर्धे घट्ट चिकटवलेत, फट राहू नये म्हणून.

सिरीज_बल्ब:
अरे देवा! तो हाफ ब्रिज नाहीतर फॉरवर्ड, अशा वेगळ्या सर्किटचा कोर, त्याला गॅप नसतोच. लगेच सॅच्युरेट होतोय, मग करंट बेफाम वाढतो. फ्लायबॅकमध्ये बहुतेक एनर्जी त्या फटीतच साठते. मॉस्फेट कितीही मोठा टाक, उडणारच.

वायंडिंगवाला:
इथे मात्र एकमत. शनिवारसाठी तयार सप्लाय आणा, मोटर उठताना टिकेल असा. हा बोर्ड नंतर. गॅपसाठी कोरचा मधला पाय घासा, इंडक्टन्स मोजा, आणि पहिल्यांदा चालू करताना मेनला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब.

अंबडकर_७:
घासायला पॉलिश पेपर कितव्या नंबरचा?