मुलांमधील आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाची सुरुवातीची लक्षणे

प्रेषक: मंडळाची एक सदस्या
विषय: मुलाची पोटदुखी, मार्गदर्शनाची विनंती

सप्रेम नमस्कार,

आमच्या अकरा वर्षांच्या मुलाचे पोट गेले काही महिने अधूनमधून दुखते. जुलाब म्हणावेत असे काही होत नाही. परंतु तो जेवण अर्धे टाकून उठतो, खेळताना पूर्वीपेक्षा लवकर दमतो आणि त्याला वरचेवर तोंड येते. वाढत्या वयात असे चालायचेच, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे, तर शाळेचा ताण असावा, असे काही मित्रमंडळींना वाटते. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेणारच आहोत. तत्पूर्वी मंडळातील वैद्यकीय व्यावसायिकांना विचारावेसे वाटते की साधी पोटदुखी आणि आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराची सुरुवात यांतला फरक पालकांनी कसा ओळखावा आणि डॉक्टरांना नेमके काय सांगावे.

आपली नम्र,
एक पालक


प्रेषक: मंडळाचे एक सदस्य, बालरोगतज्ज्ञ
विषय: उत्तर: मुलाची पोटदुखी, मार्गदर्शनाची विनंती

ताई, नमस्कार.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते करूही नये. तरीही आपण लिहिलेल्या लक्षणांत मला पोटदुखीपेक्षा बाकीच्या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात: जेवण अर्धवट टाकणे, दमणे आणि वारंवार तोंड येणे. त्यांच्या जोडीला मी एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर आपल्याला घरीच शोधता येईल. गेल्या दोन वर्षांत मुलाची उंची आणि वजन किती वाढले?

हा प्रश्न प्रथम विचारण्याचे कारण सांगतो. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे, म्हणजे आयबीडीचे, दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो आणि शौचातून रक्त व आव पडू लागते, त्यामुळे पालक सहसा लवकर सावध होतात. क्रोन्स डिसीज मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. १९३२ साली बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचा आजार म्हणून, आणि आजही तो भाग वारंवार सापडतो. तेथे दाह असला तर पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखते, जेवल्यावर दुखणे वाढते म्हणून मूल नकळत कमी खाऊ लागते, आणि जुलाब मात्र होतीलच असे नाही. पोटदुखी, जुलाब आणि वजन घटणे ही तीन लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहणे योग्य नाही, कारण क्रोन्स असलेल्या बहुसंख्य मुलांत ती तिन्ही एकाच वेळी नसतात.

वाढ मात्र बोलते. दाहामुळे शरीरात तयार होणारी रसायने भूक मारतात आणि उंची वाढवणाऱ्या संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात. शिवाय खाल्लेले अन्न नीट अंगी लागत नाही. त्यामुळे काही मुलांची उंची पोटाची तक्रार सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीपासूनच रेंगाळलेली असते. शाळकरी मूल वयात येण्यापूर्वी वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढते. ही गती ४ सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा वाढीच्या आलेखावर मूल ज्या रेषेजवळून चालले होते ती सोडून खालच्या रेषेकडे घसरू लागले, तर कारण शोधलेच पाहिजे. मुलीमध्ये १३ व्या वर्षापर्यंत आणि मुलामध्ये १४ व्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तर तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे.

आपल्यासारख्या स्थलांतरित कुटुंबांत येथेच अडचण येते. मुलाच्या नोंदी एका देशातील पुस्तिकेत, दुसऱ्या देशातील संगणकात आणि तिसऱ्या दवाखान्याच्या कागदावर विखुरलेल्या असतात. प्रत्येक डॉक्टरांना त्या दिवशीची एकच उंची दिसते, आणि ती वयाच्या मानाने ठीकही असू शकते. आलेख कोठे वळला हे सगळे आकडे शेजारी मांडल्यावरच कळते. “आमच्याकडे सगळेच चणीने लहान” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो की त्याबद्दल आग्रहाने लिहावेसे वाटते: मूल उंच की बुटके, हा प्रश्नच नाही; ते स्वतःच्या आधीच्या गतीने वाढते आहे का, हा प्रश्न आहे. मूल अंगाने भरलेले असले म्हणून हा आजार नाही, असेही मानू नये.

“हा आजार आपल्या लोकांत होत नाही” हेही खरे नाही. दक्षिण आशियातून पाश्चात्त्य देशांत गेलेल्या कुटुंबांच्या तेथे जन्मलेल्या मुलांत तो स्थानिक मुलांच्या तोडीने आढळतो, हे कॅनडातील पाहणीत दिसले आहे.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ


प्रेषक: मंडळाचे एक सदस्य
विषय: उत्तर: मुलाची पोटदुखी, मार्गदर्शनाची विनंती

नमस्कार,

आमच्या मुलीला क्रोन्स आहे आणि उपचारांनंतर ती आता उत्तम वाढते आहे, म्हणून थोडी भर घालतो. आठ-नऊ वर्षांचे मूल शौचालयाचे दार लावून घेऊ लागले की आतले काही पालकांना दिसत नाही, आणि लाजेमुळे ते स्वतःहून सांगत नाही. म्हणून मोघम विचारू नये. रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते का, शाळेत घाई होते म्हणून सहलीला जाणे नको वाटते का, रक्त किंवा आव दिसते का, बसताना दुखते का, असे एकेक सरळ प्रश्न शांतपणे विचारावेत. गुदद्वाराजवळ त्वचेचे कोंब, न भरणारी चीर, गळू किंवा पू येणारे छिद्र असेल तर ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे. आमच्या मुलीने ही गोष्ट कोणी विचारेपर्यंत सांगितली नव्हती.

आपला,
एक पालक


प्रेषक: मंडळाची एक सदस्या
विषय: उत्तर: मुलाची पोटदुखी, मार्गदर्शनाची विनंती

आपणा दोघांचे मनापासून आभार. जुन्या नोंदी जुळवल्या असता गेल्या वर्षी त्याची उंची जेमतेम वाढलेली दिसते. रात्री उठावे लागते, हेही त्याने विचारल्यावर सांगितले. रक्ताची साधी तपासणी झाली असून ती जवळजवळ ठीक आहे, केवळ हिमोग्लोबिन थोडे कमी आहे. मग निश्चिंत राहावे का? काहींनी गहू बंद करून पाहण्यास सुचवले आहे. पोट दुखल्यावर आयब्युप्रोफेन दिले तर चालेल का?

एक पालक


प्रेषक: मंडळाचे एक सदस्य, बालरोगतज्ज्ञ
विषय: उत्तर: मुलाची पोटदुखी, मार्गदर्शनाची विनंती

ताई,

निश्चिंत राहू नये, आणि घाबरूनही जाऊ नये. मनाच्या ताणाने होणारी पोटदुखी खरीच असते, पण ती सहसा मुलाला गाढ झोपेतून शौचासाठी उठवत नाही आणि उंची तर थांबवतच नाही. थोडे कमी हिमोग्लोबिन हीदेखील दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही. लोहाची कमतरता असेल तर ती का झाली, हे शोधावे लागते. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या प्राथमिक अवस्थेत काही मुलांत ठीक येतात, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारावर आजार नाही असे म्हणता येत नाही.

आता शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांना विचारावे. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतील प्रथिन आहे. आतड्याला दाह असला की त्या पेशी तेथे जमतात आणि ते शौचात उतरते. चार वर्षांवरील मुलांत प्रतिग्रॅम ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण सर्वसाधारण मानतात. ते वाढलेले दिसले म्हणजे आयबीडीच, असे नव्हे, कारण जंतुसंसर्गातही ते वाढते. म्हणून शौचात जंतू व परजीवी आहेत का, हेही पाहतात. क्षयरोगाशी संपर्क आला असण्याची शक्यता असेल, भारतात दीर्घ मुक्काम झाला असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो आणि त्याचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो.

गहू आताच बंद करू नये. सीलिअ‍ॅक या, गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या, आजारातही वाढ खुंटते आणि हिमोग्लोबिन उतरते, आणि त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच विश्वसनीय ठरते. आयब्युप्रोफेन टाळावे, कारण ते आतड्याच्या अस्तराला इजा करू शकते आणि कॅलप्रोटेक्टिनचा आकडाही वाढवू शकते. गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे.

शंका कायम राहिली तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची स्पष्ट विनंती करावी. ते बहुधा भूल देऊन वरून आणि खालून दुर्बिणीने तपासणी करतील आणि अस्तराचे नमुने घेतील, कारण निदान त्या नमुन्यांशिवाय पक्के होत नाही. क्रोन्स निघालाच, तरी अनेक मुलांत पहिला उपचार स्टिरॉइडचा नसतो. सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट पोषक द्रव आहार देऊन दाह शमवता येतो आणि त्याच काळात वजनही भरून येऊ लागते. हाडे जुळून उंची थांबण्यापूर्वी उपचार सुरू झाले तर मागे पडलेली वाढ बरीचशी भरून काढता येते, म्हणून अकराव्या वर्षी हा शोध घेणे मोलाचे आहे.

तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत दर महिन्याला वजन करून लिहून ठेवावे आणि वजन घटले तर वेळ अलीकडची मागावी. हिरवट उलटी, फुगलेले कडक पोट, तीव्र ताप किंवा वारंवार रक्ताचे जुलाब दिसले, तर मात्र त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्यावे.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ