जुनी पेन्शन: बिल कुणाच्या नावावर?

हिशोबनीस:
मार्च 2023 च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत फिरणाऱ्यांत माझे अर्धे मित्र होते, तरी लिहितो. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून निघालेल्या भरतीत सरकारी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, बाजारात गुंतवलेल्या पैशावरची नवी पेन्शन आहे. जुनी म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून छदामही कापला जात नव्हता. पैसा त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून. म्हणजे 2040 नंतर निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन आज अंगणवाडीत असलेली पोरं भरणार. त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःला कंत्राटी नोकरी मिळाली तरी नशीब. हा कुठला न्याय?

झेडपी_गुरुजी:
एकाच शाळेत दोघे शिक्षक. एक ऑक्टोबर 2005 चा, दुसरा त्यानंतर निघालेल्या भरतीतला. पहिल्याला ठरलेली रक्कम, नव्या पेन्शनवाल्या दुसऱ्याच्या म्हातारपणाचं बाजार ठरवणार. आमच्या पगारातले 10 टक्के कापतात, सरकार 14 घालतं, पण या नव्या पेन्शनमध्ये हातात किती पडेल ते कुणी लिहून देत नाही. आणि आमदारांची पेन्शन कुणाची पोरं भरतात हो?

हिशोबनीस:
आमदारांबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यांनी ओरबाडलं म्हणून आपणही? केंद्राची एप्रिल 2025 पासूनची एकीकृत पेन्शन योजना बघा: 25 वर्षं नोकरी झाली की शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि कर्मचारीही 10 टक्के भरतो. हे मला पटतं.

इपीएसवाला:
चालू द्या तुमचं. आम्ही आयुष्यभर खासगी कारखान्यात. आमची ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1000 रुपये. बीपीच्या गोळ्या घेतल्या की संपली.

माणदेशी_लेक:
काका, निदान तुमचं पीएफचं खातं तरी आहे. माझी आजी शेतमजूर. म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500, त्यात केंद्राचे 200. तेही कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत दाखवलं तर. पैसे काढायला गेलं की मशीन अंगठा घेत नाही. खुरपून खुरपून रेषाच राहिल्या नाहीत. मग बोटं पदराला पुसायची, एकेक करून लावून बघायची. मागे रांग खोळंबलेली. पिढ्यांचा न्याय नंतर बोलू, आधी याच पिढीतला बोला.

झेडपी_गुरुजी:
आजींना 5000 द्या, आडवं कोण येतंय? पण 2005 ला आमची पेन्शन काढून वाचवलेला पैसा त्यांच्याकडे गेला का?

हिशोबनीस:
वाचलाय कुठे, गुरुजी? 2005 आधीचे अजून जुन्याच पेन्शनवर निवृत्त होतायत, शिवाय तुमचे 14 टक्के दर महिन्याला. सध्या दोन्ही बिलं एकदमच चालू आहेत.