‘सेव्हरन्स’ : सही कोणाची, शिक्षा कोणाला?

‘सेव्हरन्स’ या मालिकेतील कर्मचाऱ्यांनी कामाच्या आणि बाहेरच्या आयुष्याच्या आठवणी एकमेकींपासून तोडणाऱ्या मेंदूवरील शस्त्रक्रियेला स्वतःहून संमती दिली असल्यामुळे ती करवून घेणाऱ्या ल्यूमन कंपनीला एकतर्फी दोषी ठरवता येणार नाही, हे मत मला पटत नाही, कारण संमती देणारा आणि तिचे परिणाम भोगणारा असा एकच माणूस तेथे उरत नाही. पत्नीवियोगाचे दुःख रोज काही तास तरी विसरावे म्हणून मार्क हा कर्मचारी सही करतो. कार्यालयात लिफ्टमधून उतरल्यावर त्याचे जे कामापुरते रूप भानावर येते, त्याच्या वाट्याला मात्र ना झोप येते, ना रविवार. २०२२च्या पहिल्या पर्वात हेली या नव्या कर्मचारी स्त्रीचा राजीनामा फेटाळते ती तिचेच बाहेरचे रूप, आणि तेही चित्रफितीतून, ‘मी माणूस आहे, तू नाहीस’ अशा आशयाच्या थंड शब्दांत. कंपनीला स्वतःचे हात मळवावे लागत नाहीत, हीच तिची खरी ताकद आहे. ‘ब्रेक रूम’ नावाच्या शिक्षेच्या खोलीत क्षमायाचनेचा एकच मजकूर, तो मनापासून वाचला गेल्याचे वरिष्ठांना वाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा वाचून घेतला जातो, बक्षीस म्हणून मिळतात ती बोटे अडकवण्याची खेळणी. (त्यांचे ते अप्रूप पाहून मी आधी हसलो, मग ओशाळलो.) पडद्यावरील ‘भीतिदायक’ आकडे निवडून डब्यांत टाकणाऱ्या या माणसांना ते आकडे कशाचे आहेत, हेही कोणी सांगत नाही.