गरीब वस्तीत पब्लिक जर्नालिझम: मुलांना पाठवण्याआधी काय ठरवायचं?

प्रश्न (वर्गशिक्षक)
पब्लिक जर्नालिझम, म्हणजे लोकांशी बोलून त्यांच्या प्रश्नांवरून बातम्या ठरवणं, हे करायचंय. पत्रकारिता पदविकेची १२ मुलं, ८ आठवडे, एक गरीब वस्ती आणि शेवटी चार पानी अंक. पहिल्याच फेरीत लोकांनी तोंडावर विचारलं, "फोटो काढून जाता, पुढे काय?" मुलं टिपणं घेऊन आली ती दारू, कचरा, भांडणं एवढीच. आठवडे कसे वाटू? बैठक कशी घ्यायची?

बोरू
पहिले दोन आठवडे बातमी नकोच. जोड्या पाडा, प्रत्येक जोडीला एक गल्ली द्या, ती शेवटपर्यंत बदलू नका. वेळ मात्र बदला. रोज दुपारीच गेलं तर कामावर जाणारे भेटत नाहीत आणि घरी असणाऱ्यांचं मत वस्तीचं मत म्हणून छापलं जातं. मुलं आधी पुढाऱ्याकडे, मग संस्थेच्या कार्यकर्त्याकडे जातात आणि तिथेच थांबतात, कारण ही मंडळी बोलायला तयारच बसलेली असतात. नळाची रांग, शिलाईचं दुकान, बसथांबा इथे वही न काढता उभं राहायला लावा. पत्रकार आहोत हे मात्र लपवायचं नाही.

"तुमच्या समस्या काय?" हा प्रश्न बाद करा. त्यावर साहेबांपुढे वाचायची यादीच मिळते. त्याऐवजी विचारा, "गेल्या आठवड्यात कशासाठी खेटे घातले?" आणि लगेच, "इथल्या कुणी यावर काही करून पाहिलं का? कुठे अडलं?" दारू-कचऱ्यापलीकडची बातमी या दुसऱ्या प्रश्नातून निघते.

रात्रपाळी
बैठकीला १० ते १२ जण, गोलात, सव्वा तास. एकाने बोलतं करायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. ४० जण बोलावलेत तर तिघंच बोलतील. बायकांची बैठक वेगळी घ्या, भाडेकरूंची घरमालकांशिवाय, एकत्र नंतर. अमेरिकेतल्या ॲक्रन बीकन जर्नल या दैनिकाने वंशभेदावरच्या मालिकेसाठी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या नागरिकांना आधी वेगवेगळं बसवलं, मग एकत्र. त्या मालिकेला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार १९९४ मध्ये मिळाला.

"पुढे काय?" याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत द्या: छापू शकतो, प्रश्न सुटेल याची हमी नाही. मुलं उत्साहात नेमकी हीच हमी देऊन बसतात.

शंकेखोर
अशाने बातमीदाराचा कार्यकर्ता होतो, त्याचं काय? अमेरिकेतल्याच विचिटा ईगल या दैनिकाने १९९० च्या गव्हर्नर निवडणुकीत मतदारांना विचारून विषय ठरवले, तेव्हापासूनचा हा वाद आहे.

बोरू
आक्षेप रास्त. बैठक भरवणं चालेल, निवेदनावर सही करणं नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं विचारल्याशिवाय मजकूर पानावर लावायचा नाही.

मुद्रितशोधक
नाव बदलून भागत नाही. "कोपऱ्यावर निळ्या दाराचं घर, दोन मुलींची विधवा आई" एवढ्यावर अख्खी गल्ली ओळखते. तपशील कापा. फोटोत मागे काय दिसतं ते तपासा: आकडा टाकलेली तार दिसली तर त्या घराची वीज जाऊ शकते. ज्याचं विधान त्याला ते वाचून दाखवा, पूर्ण मसुदा नको. अल्पवयीनांसाठी पालकांची परवानगी.

अंक आधी वस्तीत वाटा. मोठ्या अक्षरांत भित्तिपत्र लावा, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा आणि चुका तिथेच टिपून घ्या. म्हणजे छपाई सातव्या आठवड्यातच उरकायला हवी. गल्लीवार वही पुढच्या तुकडीला द्या, नाहीतर तीच माणसं तेच प्रश्न पुन्हा ऐकतील. कुणी काय छापू नका म्हटलं, तेही त्या वहीत हवं.